मदत हवी आहे : ब्रिटनमधल्या 23 जून 2016 च्या सार्वमतात मत कुणाला?

टपाली मतपत्रिका आठवडाभर टेबलावर आहे. दोनच चौकोन : युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. 23 जूनला रात्री 10 च्या आत ती पोचायला हवी, म्हणजे दोन-तीन दिवसांत पोस्टात टाकायलाच हवी.

मी मूळचा म्हापशाचा, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातला म्हणून मला इथे मत आहे. स्विंडनला गोदामात काम करणारा माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक म्हणून आलाय, त्याला मात्र नाही. त्याच्या बिऱ्हाडाचं भवितव्य माझ्या पेनात आहे, म्हणून हात अडतोय.

दोन्ही बाजूंची पत्रकं वाचली. ‘ब्रिटन युरोपीय संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड देतं’ हा बाहेर पडा म्हणणाऱ्यांचा आकडा मी सोडून दिला, त्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नाही. ‘युरोपीय कमी आले की भारतीयांना व्हिसा सोपा’ हेही पटत नाही. आपल्या भारतीयांचे व्हिसाचे नियम युरोपीय संघ नाही, लंडनच ठरवतं. एप्रिलपासून नोकरीच्या व्हिसावरून कायम वास्तव्यासाठी वर्षाला 35,000 पौंड पगाराची अट त्यांनीच लावली.

अडलंय ते भावापाशी. त्याला इथे येऊन 3 वर्षंच झालीत, 5 वर्षांनी मिळणारा कायम वास्तव्याचा हक्क अजून नाही. आधीपासून राहणाऱ्यांना हात लावणार नाही, असं बाहेर पडा म्हणणारे सांगतात. कृपया पक्षांचा वाद नको. कायद्याची माहिती असलेल्यांनी एवढंच सांगा : त्या शब्दाला आज कायद्याचा काही आधार आहे, की नंतरचं सरकार तो मोडू शकतं?