सोलरच्या डीसी केबलमधला अर्थ फॉल्ट कसा शोधावा? (बजेट ३०००)

गोठासोलर: गोठ्यावर १४ पॅनेल, इन्व्हर्टर घरात. मधली ७० मीटर डीसी केबल पाइप न घालताच पुरली (चूक माझीच). पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर 'आयसोलेशन फॉल्ट' (म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत गळतोय) दाखवतो, अकराला ऊन तापलं की आपोआप सुरू. सगळं न उकरता जागा कशी सापडेल?

सह्याद्री७२: १००० व्होल्टचा मेगर घ्या. मी ११,००० ला घेतला, पैसे वसूल.

अण्णा_वायरमन: मेगर हे कंपनीचं नाव. इन्सुलेशन टेस्टर म्हणा, वायरच्या आवरणातून गळती होते का ते तपासणारा.

सह्याद्री७२: झेरॉक्सला काय म्हणता अण्णा?

पडघेकर: आमच्या चंद्रपूर–पडघे हाय व्होल्टेज डीसी लाइनवर, ७५२ किमी, ±५०० केव्ही, फॉल्टची लाट तारेतून दोन्हीकडे जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावते. दोन टोकांना ती किती फरकाने पोचली यावरून जागा काढतात. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे दीडशे मीटर.

अण्णा_वायरमन: म्हणजे ह्यांचा गोठा, घर आणि शेजाऱ्याची विहीर, सगळं त्या चुकीतच बसलं.

खटपट्या: १००० व्होल्ट डीसीचा मल्टिमीटर पुरेल. फॉल्ट असतानाच इन्व्हर्टर आणि आयसोलेटर (डीसीचा स्विच) बंद करून पॅनेलकडच्या बाजूला प्लस-अर्थ, मायनस-अर्थ मोजा. समजा एकूण ६३० व्होल्ट, म्हणजे पॅनेलमागे ४५. १८० आणि ४५० आले तर प्लसकडून चौथ्या पॅनेलनंतर गळती. एक आकडा शून्याजवळ असेल तर त्या बाजूची केबल. दोन्हींची बेरीज प्लस-मायनसमधल्या एकूण व्होल्टशी जुळत नसेल तर भरवसा नको. आणि चालू लोडवर एमसी४ (पॅनेलचे कनेक्टर) ओढू नका, डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही.

वाडीवाला: आमची घुशीने कुरतडली होती. मांजर पाळा.

सह्याद्री७२: म्हणून म्हणतो, मेगर.

गोठासोलर: आज सकाळी मोजलं. मायनस-अर्थ ११, प्लस-अर्थ ६०५.

खटपट्या: मायनसची केबल! आता दोन्ही टोकं सोडवा, चांगली प्लस वायर परतीला घेऊन मरे लूप करा (वायरच्या रेझिस्टन्सच्या प्रमाणावरून फॉल्टचं अंतर काढायची चाचणी). पण ओलाव्याच्या फॉल्टला साध्या बॅटरीचा दाब पुरत नाही, कुणाकडून तरी जास्त व्होल्टचा सोर्स मागून आणा.

पडघेकर: मरे लूप आमच्या आजोबांच्या काळातला. अजून चालतो.

गोठासोलर: सगळ्यांचे आभार. सासरे म्हणाले, शोधत कशाला बसता. नवी केबल आणली, पाइपसकट ९,४००. जुनी जमिनीतच राहू दे.

पडघेकर: अहो, पण फॉल्ट होता कुठे?

गोठासोलर: उकरलंच नाही, काका.

सह्याद्री७२: नवी पुरायच्या आधी तरी मेगर करा. माझा घेऊन जा, पण परत आणून द्या, मागचा अजून आलेला नाही.