जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच

चिपळूणची_डीटीपी

नमस्कार. चिपळूणला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म अशी कामं. दुकानातला पीसी २०१९ मध्ये जोडून घेतलेला: रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि एक एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत २२००जी नाही, म्हणून प्रोसेसर बदलायला काढला. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले, "प्रोसेसरचा सॉकेट एएम४ आहे ना? मग डोळे झाकून ५६०० घ्या." भाच्याने काल रात्री बसवून दिला. तेव्हापासून पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यांतला 'सीपीयू' लिहिलेला लाल दिवा पेटतो आणि तसाच राहतो. रॅम खोडरबरने पुसून, एकेक लावून पाहिली. बोर्डवरचा सेल काढून परत घातला. काही फरक नाही.

इथले रिपेअरवाले म्हणतात बोर्ड गेला, दमट हवेने आतून गंजला असणार. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा दुकानातलं सगळं पाण्यात गेलं, हा पीसी तेवढा माळ्यावर चढवलेला म्हणून वाचला. त्याला भंगारात घालायला हात होत नाही. लग्नसराईची कामं तर दारात आलीत. जुना प्रोसेसर डबीत जपून ठेवलाय. बोर्ड खरंच गेला असेल का?

नाशिक_गेमर

५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. २२००जी मधल्या 'जी'मुळे तुमचा मॉनिटर बोर्डच्या एचडीएमआयवर चालत होता. आता त्या पोर्टमधून काहीच येणार नाही. कुणाचं तरी ग्राफिक्स कार्ड आणून लावा, डिस्प्ले येईल.

कराडचा_सोल्डरवाला

ताई, बोर्ड टाकू नका. रोज असे पीसी उघडतो. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून बोर्ड गेला असं म्हणणं घाईचं आहे.

त्या चार दिव्यांकडे नीट बघा. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स, बूट म्हणजे विंडोजची ड्राइव्ह. पीसी चालू केल्यावर बोर्ड याच क्रमाने एकेक गोष्ट तपासतो. पुढे सरकला की मागचा दिवा विझतो, आणि जिथे अडतो तो पेटून राहतो. नाशिकच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, कार्ड तुम्हाला लागणारच. पण ती पुढची पायरी. अडचण नुसती ग्राफिक्सची असती तर व्हीजीएचा दिवा पेटला असता. तुमचा बोर्ड पहिल्याच पायरीवर थांबलाय, कारण सॉकेटमध्ये कोण बसलंय हेच त्याला ओळखता येत नाही. रॅम पुसून किंवा सेल काढून यात फरक पडायचा नाही.

२०१९ पासून बायोस, म्हणजे पीसी चालू होताना बोर्डवर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, कुणी अपडेट केला नसेल तर त्यात ५६०० ची माहिती असणारच नाही. त्या पिढीचे, म्हणजे झेन ३ चे पहिले प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि ५६०० तर एप्रिल २०२२ मध्ये. त्यातही मे २०२० मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीने आधी जाहीर केलं होतं की झेन ३ फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. बी४५० वाल्यांनी जगभरातून इतकी ओरड केली की त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला, आणि २०२१ पासून जुन्या बोर्डांचे बायोस रीतसर यायला लागले. तेव्हा 'एएम४ आहे, चालेल' एवढं सांगून भागत नाही. सॉकेट जुळतो, पण बायोस त्याच्या बरोबरीचा लागतो. विकणाऱ्याने हे सांगायलाच हवं होतं.

जुना प्रोसेसर ठेवलात हे फार चांगलं झालं, तो नसता तर काम अवघड होतं. आता तो परत बसवा. स्क्रीनवर बायोस आला की त्याचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. मग बोर्डवर छापलेलं मॉडेलचं पूर्ण नाव बघून कंपनीच्या साइटवर त्याच नावाचं पान उघडा. नावात 'मॅक्स' किंवा 'प्लस' एवढा फरक असला तरी फाइल वेगळी असते. प्रोसेसर सपोर्टच्या यादीत ५६०० समोर कोणता बायोस लिहिलाय ते पाहा आणि त्याच्याखालची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही बोर्डांना आधी मधलं एखादं व्हर्जन घालावं लागतं. काहींच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलाय, कारण बऱ्याच बोर्डांची बायोसची चिप १६ एमबीचीच, तिच्यात सगळी मंडळी मावत नाहीत. तसं असेल तर अपडेटनंतर २२००जी वर स्क्रीन परत येणार नाही. घाबरू नका, थेट ५६०० बसवा.

फाइल अनझिप करून एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि अपडेट विंडोजमधून न करता बायोसमधूनच करा. पीसी यूपीएसवर असू द्या. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर शेजारच्या दुकानातून चांगला मागून आणा, पण भरवशाची वीज नसताना हे काम करू नका. मध्ये स्क्रीन काळी होते, पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, त्या वेळी बटणाला हात लावायचा नाही.

आता कूलरचं, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याचं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटची पकड बेताचीच. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट वाळली की कूलर ओढताना प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून २२००जी काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पीसी चालवून तो गरम होऊ द्या. मग बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने सोडा. कूलर सरळ वर न ओढता बरणीचं झाकण फिरवतो तसा डावी-उजवीकडे हलवा, पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. बोर्डमागची लोखंडी प्लेट स्क्रू सुटले की खाली पडते, एक हात तिच्यावर असू द्या. ५६०० बसवताना सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो आपल्या वजनाने आत बसला पाहिजे, दाबायचं काही काम नाही. जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसून नवी लावा.

चिपळूणची_डीटीपी

दादा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं! जुना प्रोसेसर घातला, स्क्रीन लगेच आली, बायोस २०१९ चाच. सूचनेत मधलं व्हर्जन सांगितलं नव्हतं, म्हणून थेट नवा घातला. नंतर ५६०० बसवला आणि सीपीयूचा दिवा पेटून विझला, आता व्हीजीएवर थांबतो. कार्ड कोणतं घेऊ? कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचं साधं काम आहे, गेम नाहीत. ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेल ना?

नाशिक_गेमर

पुरेल. ५६०० आणि २२००जी दोन्ही ६५ वॅटचेच आहेत. जीटी १०३० सारखं कार्ड ३० वॅटच्या आसपास घेतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. जुनं मिळत असेल तर जीडीडीआर५ मेमरीवालं बघा, त्याच नावाचं डीडीआर४ वालं बरंच हळू आहे.

कराडचा_सोल्डरवाला

कार्ड घ्यायच्या आधी विकणाऱ्याला विचारा, ५६०० परत घेऊन ५६००जी देतात का. त्यात ग्राफिक्स असतं, तुमच्या कामाला ते पुरेसं आहे. प्रोसेसरमधली कॅश मेमरी अर्धी, ३२ एमबीऐवजी १६, आणि कार्ड जोडायचं पीसीआय एक्सप्रेस ४.० ऐवजी ३.०, पण बी४५० बोर्ड मुळात ३.० चाच, आणि पत्रिका सेट करताना कॅशचा फरक जाणवणार नाही. नाही म्हणाले तर कार्ड घ्या.

चिपळूणची_डीटीपी

बदलून देत नाहीत, सील फुटलंय म्हणतात. ओळखीच्या सायबर कॅफेवाल्यांकडून जीटी १०३० मिळालं. डिस्प्ले आला! पण पहिल्याच स्क्रीनवर नवीन प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन असं विचारतोय. मी अजून काही दाबलं नाही. दाबलं तर माझ्या फाइल जातील का?

कराडचा_सोल्डरवाला

थांबलात ते बरं केलंत. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली किल्ल्या जपणारी तिजोरी. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप, लावलेला असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबायचं नाही, ड्राइव्ह उघडणार नाही. आणि तो लावलेलाच नसेल तर बिनधास्त वाय दाबा. फाइलींना धक्का लागत नाही, फार तर विंडोजचा पिन नव्याने ठरवावा लागेल.

पुढचंही सांगून ठेवतो. बूटचा दिवा पेटून ड्राइव्ह सापडत नाही असं आलं तर एसएसडी गेली समजू नका. अपडेटनंतर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, आणि तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने विभागलेल्या, म्हणजे एमबीआर ड्राइव्हवर टाकलेलं असू शकतं. बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू करा, बूट होईल. विंडोज ११ ला मात्र ड्राइव्ह विभागायची नवी पद्धत, जीपीटी, लागते. विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, त्याने डेटा न पुसता ड्राइव्ह बदलता येते. त्याआधी ग्राहकांच्या सगळ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बदल झाला की सीएसएम बंद.

चिपळूणची_डीटीपी

बिटलॉकर नव्हता, वाय दाबलं. बूटचा दिवा पेटला, सीएसएम चालू केल्यावर विंडोज १० उघडलं. कोरलमध्ये शंभर नावांची पत्रिका उघडून पाहिली, आधी चहा होईपर्यंत वेळ लागायचा, आता लगेच आली. फाइलींची कॉपी चालू आहे, विंडोज ११ रविवारी दुकान बंद असताना टाकते. एकच बारीक शंका: रॅमवर ३२०० लिहिलंय, टास्क मॅनेजर २४०० दाखवतो.

कराडचा_सोल्डरवाला

तेही अपडेटमुळेच. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा ए-एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, ३२०० दिसेल. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यातच रॅम ठेवा. आणि २२००जी विकू नका. तुमच्या बायोसमधून त्याचा सपोर्ट गेला असला तरी गावातल्या एखाद्या शाळेच्या जुन्या एएम४ बोर्डला तो उपयोगी पडेल.