नाळेचं रक्त साठवावं का?

राजवाडा_सून: सातवा महिना चालूये माझा. काल एकजण घरी येऊन फाईल उघडून बसला, नाळेचं रक्त साठवा, त्यातल्या स्टेम सेलनी (ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) पुढे सगळे आजार बरे होतात म्हणे. सासूबाई म्हणतात, भ्रूण मारून करतात, पाप लागेल. खरं काय?

इंदूरी_पोहे: वहिनी, ते भ्रूणाचं प्रकरण वेगळं. हे तर नाळ कापल्यावर जे एरवी फेकूनच देतात ते रक्त. वाद झाला तो 1998 साली अमेरिकेतल्या थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानी माणसाच्या भ्रूणातून स्टेम सेल काढल्या तेव्हा, कारण त्यात पाचेक दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो, आणि त्याला जीव म्हणायचं की नाही यावर अजून एकमत नाही. मग 2006 ला जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी भ्रूण न मोडता, उंदराच्या साध्या पेशींपासूनच तशा स्टेम सेल बनवल्या, नोबेल मिळालं.

माळव्यातली_मावशी: अगं सही करू नकोस घाईत! माझ्या भाच्याला थॅलेसेमिया (रक्ताचा जन्मजात आजार), त्याच्या स्वतःच्या नाळेच्या रक्तात तोच दोष असता, काय उपयोग? शेवटी बहिणीचा बोनमॅरो (हाडातला मगज) जुळला. आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) पण स्वतःसाठी असं खाजगीत साठवायचा सल्ला देत नाही. घरात आधीच कुणाला रक्ताचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांशी बोल.

राजवाडा_सून: नाहीये कुणाला. सासूबाईंना वाचून दाखवते आत्ताच.