‘रन’चे अर्थ घोकून घ्यायचे की नाही?

पाटीपेन्सिल: मी मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीच्या वहीत शिकवणीतला तक्ता दिसला. ‘रन आउट’ म्हणजे संपणे, ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक भेटणे, अशा चाळीस ओळी. तिला सगळ्या पाठ होत्या. मग म्हटलं, “घरातली साखर संपली, हे इंग्रजीत लिही.” तिने लिहिलं, ‘शुगर इज फिनिश’.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. ती नोंद लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिन्यांहून जास्त वेळ लागला. जे काम जाणकाराला इतकं पुरलं, ते आपण तेरा वर्षांच्या पोरीकडून पाठांतराने करून घेणार?

माझं म्हणणं एवढंच, की तक्ता बाजूला ठेवा आणि एक चित्र द्या: काहीतरी न अडता पुढे जातंय. नाक गळतं, नळ वाहतो, धुताना कपड्याचा रंग जातो, रस्ता गावातून जातो, यंत्र सुरू असतं. इंग्रजीत सगळीकडे ‘रन’. आणि आपल्या मुलांच्या हातात किल्ली आहेच. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक वर्षभर चालतं. आपण चालतो तिथे इंग्रजी धावते.

कोरडवाहू: बाई, पटलं नाही. अर्थ कळल्यावर चित्र जुळतं हे खरं, पण नुसतं चित्र पाहून अर्थ कुणी ओळखला? ‘रन डाउन’ घ्या. बॅटरी उतरते, माणूस थकून जातो, गाडी कुणाला उडवते, कुणी कुणाची निंदा करतं. चारही ‘रन डाउन’. पुढे जाण्याचं चित्र निंदेपर्यंत कसं पोचवणार?

आणि ती ‘चालणे’ची किल्ली फसवी आहे. माझ्या मुलाने लिहिलं होतं, ‘माय अंकल रन्स अ कार’. त्याला म्हणायचं होतं, काका गाडी चालवतात. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ होतो गाडी बाळगणे, तिचा विमा-पेट्रोल-दुरुस्तीचा खर्च उचलणे. मराठीवर विसंबला म्हणूनच चुकला. सॅम्युएल जॉन्सननेही १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’ अशा सैल क्रियापदांनी काम फार वाढवलं, अशी तक्रार केली आहे. पाढे पाठ केल्याशिवाय हिशेब येत नाही, हेही तसंच आहे. पाठांतराला तुच्छ लेखू नका. शिकवणी परवडत नाही त्या मुलाला तोच तक्ता आधार असतो.

नदीकाठ: मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. पहिल्या आठवड्यात फोनवर एका आईने सांगितलं, “ही इज रनिंग अ टेम्परेचर.” तक्ता मीही पाठ केला होता, पण त्यात हे नव्हतं. मूल तापलंय हे तिच्या आवाजावरून कळलं आणि ते वाक्य पुन्हा कधी विसरले नाही. शिवाय तक्ता देश पाहत नाही. निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, इथे तो ‘स्टँड’ करतो. आपल्यासारखाच उभा राहतो.

उलट बाजूही रोज घरात बघते. मुलाला ‘लागणे’ कसं शिकवू? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झाडाला नारळ लागतात, आणि ‘मामा तुझा कोण लागतो?’ तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. तो वाचून मुलगा आजोबांना म्हणाला, “मला पाणी लागलं.” आजोबांनी गावाकडच्या विहिरीची गोष्टच सांगितली: किती हात खणल्यावर पाणी लागलं, तेव्हा सगळे कसे नाचले. आता तो ‘तहान लागली’ बरोबर म्हणतो.

पाटीपेन्सिल: कोरडवाहू, ‘रन अ कार’चा तो अर्थ मला माहीत नव्हता. ‘चालणे’ची किल्ली सगळीकडे लागत नाही, हे मान्य. तक्ता मात्र अजूनही नको वाटतो. सोमवारपासून फळ्यावर रोज एकच ‘रन’ लिहीन, आणि मुलांनी त्यावर स्वतःच्या घरातलं वाक्य आणायचं. साखरेपासून सुरुवात करते.

कोरडवाहू: करा. पण परीक्षेत चाळीसपैकी दहा विचारतात, आणि तुमची मुलं मार्चपर्यंत किती ‘रन’ गाठतील ते मोजून इथे लिहा. मी थांबतो.