नोकरीच्या अर्जासोबत स्वतःचा पॉडकास्ट: उपयोग की उपद्व्याप?

मंदसप्तक (धागाकर्ता)

रेझ्युमे आणि कव्हर लेटरच्या जोडीला आपल्याच आवाजातला दोन-तीन मिनिटांचा पॉडकास्ट द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मी अतिशय मेहनती’ छापाचं आत्मवर्णन त्यात नको. केलेलं एखादं काम घ्यावं: अडचण काय होती, आधी काय करून पाहिलं, ते का फसलं, शेवटी काय केलं. असे दोन-तीन भाग ऐकले की माणूस विचार कसा करतो ते कळतं.

कव्हर लेटरवर माझा भरवसा उरलेला नाही. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून सगळे अर्जदार एकसारखेच ‘उत्सुक’ झालेत. आवाजात मात्र माणूस सापडतो. याला आधारही आहे. ज्युलियाना श्रोडर आणि निकोलस एप्ली यांचा २०१५चा अभ्यास पाहा. एमबीएच्या विद्यार्थ्यांनी ‘मला का घ्यावं’ हे बोलून दाखवलं. काही परीक्षकांनी ते व्हिडिओवर पाहिलं, काहींनी फक्त ऐकलं, काहींनी तेच शब्द कागदावर वाचले. ऐकणाऱ्यांना उमेदवार जास्त हुशार आणि लायक वाटले. चित्र दिसल्याने त्यात फारशी भर पडली नाही. व्यावसायिक रिक्रूटरांच्या बाबतीतही तेच दिसलं. मग हे हुकमाचं पान हातात का दाबून ठेवायचं?

चाळणी

भरतीचं काम करते, म्हणून लिहिते. त्या अभ्यासातल्या परीक्षकांना ऐकायलाच बसवलं होतं. आम्हाला कोण बसवणार? एका जागेला २०० अर्ज आले आणि प्रत्येकाची दोन मिनिटं ऐकायची म्हटली, तर ४०० मिनिटं झाली. जवळजवळ पावणेसात तास, तेही एका जागेसाठी. रेझ्युमेवरून नजर वरखाली फिरवता येते, नको तो भाग गाळता येतो. ऑडिओत कामाचं वाक्य कुठे आहे हे ऐकल्याशिवाय कळतच नाही.

शिवाय अर्ज आधी एटीएसमधून, म्हणजे अर्ज छाननाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. ते मजकुरातून नाव, अनुभव, कौशल्यं उचलतं. तुमची लिंक त्याच्या लेखी अक्षरांची एक ओळ. आणि अनोळखी लिंक उघडू नका असं आयटीवाले आम्हाला बजावत असतात, ते वेगळंच.

मंदसप्तक

@चाळणी, सगळ्यांचं ऐका असं कुठे म्हटलं? २०० मधून १० निवडलेत की त्या दहांचं ऐका. वीस मिनिटांचं काम.

चाळणी

दहाजणांना मी फोनच करते हो. फोनवर उलट प्रश्न विचारता येतो.

अनुस्वार

वेळेचं जाऊ द्या, मला दुसरीच धास्ती वाटते. आवाजातून हुशारी कळते म्हणता, पण त्याच्याआधी बोली कळते, वय कळतं, बाई की पुरुष ते कळतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात जॉन बॉ यांनी घरमालकांना फोन केले. माणूस एकच, विचारणाही तीच, फक्त इंग्रजी बोलण्याची ढब तीन प्रकारची. गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन-अमेरिकन ढबीत बोलल्यावर घर बघायला बोलावण्याचं प्रमाण स्पष्टपणे घसरलं. हे सगळं फोनवर, तोंडसुद्धा न बघता.

नोकरीत वेगळं काय होणार? भरती करणारे अर्जावरचा फोटो नको म्हणतात, काही ठिकाणी नावसुद्धा झाकतात, आणि आपण आपणहून आवाज पाठवायचा? जो अडखळत बोलतो पण काम चोख करतो, त्याने काय करायचं? ‘ऐच्छिक आहे’ म्हणू नका. चारजणांनी पाठवला की पाचव्याचा न पाठवणंही मोजलं जातं.

खटपट्या

@अनुस्वार, मुद्दा रास्त आहे, पण मुलाखतीत तो आवाज ऐकू येणारच ना? भेदभाव करणारा तिथे करेल.

अनुस्वार

मुलाखतीपर्यंत पोचल्यावर समोरच्याला मला नाकारण्यासाठी काहीतरी कारण शोधावं लागतं. अर्जाच्या पायरीवर तेही लागत नाही, खिडकी बंद केली की झालं.

टाचण

‘आवाजात माणूस सापडतो’ हे आता विसरा. मायक्रोसॉफ्टने २०२३च्या सुरुवातीलाच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं होतं. मजकूर यंत्राचा, आवाजही यंत्राचा. तुमच्या कव्हर लेटरचं जे झालं तेच याचं.

आणि ही हौस नवीही नाही. २०२१च्या जुलैत टिकटॉकने अमेरिकेत व्हिडिओ रेझ्युमे मागवून पाहिले, मोठमोठ्या कंपन्या त्यात होत्या. महिनाअखेर तो प्रयोग संपला. कागदी रेझ्युमे अजून जिथल्या तिथे आहे.

रियाझ

इथे ‘नोकरी’ म्हणजे एकच काहीतरी धरून सगळे भांडताहेत. मी ग्राहकसेवेतल्या नवख्यांना प्रशिक्षण देतो. चिडलेल्या माणसाला समजावून सांगणं हेच जिथे काम आहे, तिथे दोन मिनिटांचा ऑडिओ म्हणजे कामाचा नमुनाच. शिकवणं, रेडिओ, विक्री, दुभाष्याचं काम, सगळीकडे तेच. हिशेबनिसाने मात्र पॉडकास्ट पाठवला तर मला प्रश्न पडेल की याला हिशेब तपासून दाखवायला काय झालं होतं.

करणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द. लिहिलेलं वाचू नका, लगेच कळतं. मुद्दे समोर ठेवून बोला. सुरुवातीचं संगीत नको. पहिल्या पंधरा सेकंदांत कोणत्या कामाबद्दल बोलताय ते आलं पाहिजे. मायक्रोफोनवर पैसे घालण्याआधी खोलीतला घुमारा घालवा. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्यासमोर बसलात तरी फरक पडतो. मोनोमध्ये (एकाच चॅनलवर) ६४ केबीपीएस दर्जाने तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसते. लॉगइन मागणारी लिंक देऊ नका. आणि संपूर्ण मजकूर लिहून खाली जोडाच, ऐकू न येणाऱ्यालाही तुमचा अर्ज तपासायचा असू शकतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: जुन्या कंपनीतली अडचण सांगताना ग्राहकाचं नाव, आकडे, आतल्या भानगडी बाहेर पडतात. एकदा जाहीर फीडवर, म्हणजे कुणालाही ऐकता येईल असा गेलेला भाग तुम्ही नंतर काढलात तरी कुणी उतरवून घेतलेली प्रत राहतेच. नवा मालक तुमचं कौशल्य ऐकत असतोच, पण उद्या हा आमच्याबद्दल काय बोलेल हेही ऐकत असतो.

टाचण

मजकूर जोडायचाच असेल तर मी मजकूरच वाचेन की! :)

मंदसप्तक

@रियाझ, जाहीर फीडचं पटलं. यापुढे खाजगी लिंकच सुचवीन. @अनुस्वार, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण उलट बाजूही बघा. ज्याच्याकडे नावाजलेली पदवी नाही, मधली दोन वर्षं रिकामी दिसतात, त्याला कागद आधीच पाडतो. त्याला आवाजाचा आधार मिळत असेल तर तोही काढून घ्यायचा?

अनुस्वार

काढून घ्या म्हणत नाही. मागितल्याशिवाय देऊ नका म्हणते. आणि मागणाऱ्याने सगळ्यांना एकच प्रश्न द्यावा, वेळ ठरवून द्यावा, लिहून उत्तर द्यायचीही मुभा ठेवावी.

खटपट्या

@चाळणी, असं ठरवून मागवलं तर ऐकाल का?

चाळणी

दीडपट वेगाने, हो.