मदत हवी आहे : हायलक्ससाठी रुंद टायर आणि चाकांचा ऑफसेट

नमस्कार मंडळी,

माझ्या टोयोटा हायलक्स पिकअपला मूळची साडेसात इंच रुंदीची, +३० ऑफसेटची (म्हणजे चाक हबला जिथे बसते तो भाग रिमच्या मध्यरेषेपासून ३० मिमी बाहेरच्या बाजूला असलेली) चाके आणि २६५/६५ आर १७ टायर (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत) आहेत. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील शेतापर्यंतचा शेवटचा टप्पा पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा असल्यामुळे २८५/७० आर १७ टायर आणि साडेआठ इंची रिम बसवण्याचा विचार आहे.

ऑफसेट +३० च ठेवला, तर रिमची आतली कड जवळपास १३ मिमी आत सरकते आणि त्यात टायरची वाढलेली रुंदी मिळवली की पुढच्या अपर कंट्रोल आर्मला (सस्पेन्शनच्या वरच्या दांड्याला) घासण्याची भीती वाटते. उलट शून्य ऑफसेट घेतला, तर बाहेरची कड सुमारे ४३ मिमी बाहेर येते. त्याने स्टिअरिंग जड होईल, बेअरिंगवरचा ताण वाढेल आणि चिखल थेट दरवाज्यांवर उडेल. म्हणून +१० मला मधला मार्ग वाटतो. मात्र या टायरचा व्यास मूळच्यापेक्षा सुमारे ५५ मिमी, म्हणजे सात टक्के जास्त असल्याने स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो मागच्या बाजूला लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) लागेल का, हा खरा प्रश्न आहे. स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवेल.

सस्पेन्शन न उचलता हे माप कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? की मूळ रिमवरच २६५/७० आर १७ मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे) टायर घेणे शहाणपणाचे ठरेल? घाटात भरलेली गाडी चालवणाऱ्यांनी ब्रेकिंग आणि मायलेजमधला फरकही कृपया सांगावा.