आधी आवाज, मग अक्षरांची नावं
पाच वर्षांच्या मुलीला एबीसीडी तोंडपाठ आहे पण ‘कॅट’ वाचता येत नाही, यात काळजीचं काही नाही. सी-ए-टी ही नावं जोडून शब्द होत नाही, आवाज जोडून होतो. इंग्रजीत अक्षरं 26, आवाज साधारण 44. त्यामुळे फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, बहुधा एस, ए, टी, पी, आय, एन एवढ्यांपासूनच सुरुवात करतात. त्यातूनच ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ वाचता येतात. फक्त आवाज तोडका हवा: ‘ट’ नव्हे, ‘ट्’. बाराखडीच्या सवयीने आपण हमखास ‘अ’ लावतो आणि मग शब्द जुळतच नाही!

पुस्तकाआधी खेळ घ्या. ‘क्-अ-प् आण’ म्हणा, ती कप शोधून आणेल. कंटाळायच्या आत थांबा.